पाच दिवस तूप, दोन दिवस भात : चक्रीय कीटो आहार कसा पाळावा

सोमवार ते शुक्रवार कर्बोदके जवळजवळ बंद ठेवायची, लागणारी ऊर्जा तूप, तेल, अंडी, मांस-मासे आणि पनीर यांतून घ्यायची आणि शनिवार-रविवारी भात, पोहे, बटाटे यांसारखे पदार्थ मोजून पण भरपूर खायचे, अशा आहाराला चक्रीय कीटो आहार म्हणतात. कॅनडातील डॉक्टर आणि पॉवरलिफ्टर मौरो डी पास्क्वाले यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत शरीरसौष्ठवपटूंमध्ये रुजवली. आपल्याकडे जिममध्ये ती ‘कार्ब लोडिंग’ म्हणून माहीत असते आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात तिचा दुसरा भागच पक्का बसतो, म्हणजे शनिवार-रविवारी काहीही खाल्ले तरी चालते. तसे ते चालत नाही. शनिवार-रविवारचा भात आधीच्या पाच दिवसांत केलेल्या व्यायामाने मिळवावा लागतो. व्यायाम नसेल, तर या आहारातला शनिवार-रविवारचा भाग सरळ गाळून टाकावा.

असे का, हे स्टॉकहोममध्ये योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन यांनी केलेल्या आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगावरून उत्तम कळते. या दोघांनी प्रयोग स्वतःवरच केला. एकाच व्यायाम-सायकलच्या दोन बाजूंना बसून प्रत्येकाने एकाच पायाने पूर्ण दमेपर्यंत पेडल मारले आणि दुसरा पाय स्वस्थ ठेवला. पुढचे तीन दिवस त्यांनी कर्बोदके भरपूर असलेला आहार घेतला आणि सुईने दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे नमुने काढून तपासले. स्वस्थ राहिलेल्या पायात ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, फारशी वाढली नव्हती. दमलेल्या पायात मात्र ती दुसऱ्या पायाच्या सुमारे दुप्पट झाली होती. माणूस एक, जेवण एक, रक्त एक, तरीही जो पाय रिकामा झाला होता तोच भरला. ज्याने आठवडाभर वजने उचललीच नाहीत, त्याच्या स्नायूंत जागा थोडीच असते, आणि रविवारी खाल्लेली जादाची कर्बोदके ठेवायला शरीराला दुसरीकडे सोय पाहावी लागते.

आधी कोणी थांबावे

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून औषधांचे प्रमाण बदलून घेतल्याशिवाय कर्बोदके एकदम तोडू नयेत, कारण साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी तर हा आहार करूच नये. या गोळ्यांबरोबर कर्बोदके तोडली, तर रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो, म्हणजे रक्तात कीटोन नावाची आम्ले धोकादायक प्रमाणात साठू शकतात, आणि ग्लुकोमीटरवरचा आकडा बरा दिसत असल्यामुळे घरातल्यांना त्याचा सुगावा लागत नाही. पहिल्या प्रकारचा मधुमेह, गरोदरपण, स्तनपान, मूत्रपिंडाचा आजार, पित्ताशयातील खडे, स्वादुपिंडाला पूर्वी आलेली सूज आणि खाण्यासंबंधीच्या मानसिक विकाराचा इतिहास असणाऱ्यांसाठीही ही पद्धत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर पहिल्या दोन आठवड्यांत दाब घरी तपासत राहावा, कारण तो खाली येऊ शकतो.

ज्यांना यातले काहीच नाही, त्यांनीही सुरुवातीपूर्वी एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) करून घ्यावे. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या दरम्यान आले, तर तो मधुमेहपूर्व टप्पा मानला जातो. अशा माणसाने दर शनिवारी साडेतीनशे ग्रॅम कर्बोदके खाण्यात मला काहीही शहाणपण दिसत नाही. त्याला बेताची कर्बोदके असलेला रोजचा सरळ आहार जास्त मानवेल. स्निग्ध आहारावर काहींचे एलडीएल कोलेस्टेरॉल बरेच वाढते, म्हणून तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करावे आणि वाढ मोठी असेल, तर हट्ट सोडावा.

पाच दिवसांचा हिशेब

प्रथम प्रथिने ठरवावीत, मग कर्बोदके, आणि उरलेली ऊर्जा स्निग्ध पदार्थांना द्यावी. व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.६ ते २ ग्रॅम प्रथिने पुरतात. सत्तर किलो वजनाच्या, चरबी कमी करू पाहणाऱ्या आणि दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या माणसाचे उदाहरण घेऊ. त्याची प्रथिने १२० ग्रॅम धरली तर ४८० कॅलरी होतात, कर्बोदके ३० ग्रॅम धरली तर १२० होतात आणि उरलेल्या १४०० कॅलरींना नऊने भागले की सुमारे १५५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ निघतात. हा आकडा पाहून पुष्कळजण दचकतात आणि कर्बोदकांबरोबर तूपही कमी करतात. मग तिसऱ्या दिवशी अंगात त्राण उरत नाही आणि दोष आहाराला दिला जातो.

हे १५५ ग्रॅम ताटात कसे दिसतात, ते पाहावे. सकाळी तीन अंड्यांचे ऑम्लेट एक मोठा चमचा तुपात. दुपारी कातडीसकट कोंबडीच्या तंगडीचे दोनशे ग्रॅम मांस, दीडशे ग्रॅम दुधी किंवा मेथीची भाजी आणि या दोन्हींत मिळून दीड मोठा चमचा तेल. संध्याकाळी मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे आणि छोटी वाटी दही. रात्री दीडशे ग्रॅम पनीर, तेवढाच फ्लॉवर, दीड मोठा चमचा तूप आणि बांगड्याचे शंभर ग्रॅम मांस. एवढ्यात प्रथिने ११५ च्या आसपास, स्निग्ध पदार्थ १५५ ते १६० आणि कर्बोदके तिसाच्या काठावर येतात. पनीर आणि मांस यांत ब्रँडनुसार व भागानुसार फरक पडतो, तेव्हा पहिले दोन आठवडे स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरावा. पुढे डोळ्यांना अंदाज येतो.

भाकरी, पोळी, भात, डाळ, उसळ, साबुदाणा आणि फळे हे पाच दिवस बंद असतात, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि तेवढे पाळलेही जाते. घात होतो तो किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनी. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ३५ ते ४० ग्रॅम साखर आणि त्यातल्या दुधाची आठ-दहा ग्रॅम कर्बोदके वेगळी. पाच दिवसांचा सगळा नियम टपरीवरच मोडतो. सुरमई रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवून तळली जाते, तिथे नुसते तिखट-मीठ-हळद आणि कोकमाचे आगळ लावून ती तव्यावर परतावी. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात खोबऱ्याची अडचण नसते, कांद्याची असते, कारण शंभर ग्रॅम कांद्यात नऊ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात आणि रस्सा दाट करायला घरोघरी दोन-तीन कांदे सहज जातात. आमटीतला गूळ, कोशिंबिरीतली चिमूटभर म्हणून पडणारी चमचाभर साखर, भजीसारखे बेसनात बुडवलेले पनीर, बाहेरच्या तंदुरी पदार्थांना दाटपणासाठी लावलेले पीठ, या सगळ्यांकडे बारीक लक्ष हवे. शहाळे पौष्टिक असले, तरी एका शहाळ्यात दहा ग्रॅमपर्यंत साखर निघते. सोलकढी मात्र साखर न घालता केली, तर या आहारात अगदी बसते.

शाकाहारी माणसाला हा आहार अवघड जातो, हे आधीच मान्य केलेले बरे. आपल्या शाकाहारात प्रथिने डाळींतून येतात आणि डाळींत प्रथिनांच्या दुप्पट-अडीचपट कर्बोदके असतात. अंडी चालत असतील, तर मार्ग निघतो. अंडीही चालत नसतील, तर पनीर, टोफू, घट्ट चक्का आणि व्हे प्रोटीन यांवरच सगळी भिस्त ठेवावी लागते आणि महिनाभरात पनीर नकोसे होते. अशांनी कर्बोदकांची मर्यादा ५० ग्रॅमवर न्यावी. कीटोसिस, म्हणजे शरीर चरबीपासून बनवलेल्या कीटोनवर चालण्याची अवस्था, थोडा उथळ राहील, पण आहार टिकेल.

पहिले बारा दिवस

सुरुवात सोमवारी करावी आणि पहिला शनिवार-रविवार लोडिंगशिवाय जाऊ द्यावा, म्हणजे दुसऱ्या शुक्रवारपर्यंत सलग बारा दिवस कर्बोदके तिसाच्या आत राहतात. या काळात यकृत चरबीपासून कीटोन बनवू लागते आणि स्नायूंना चरबी जाळण्याची सवय होते. पहिल्याच आठवड्याच्या शेवटी भात खाल्ला, तर हे काम अर्धवट राहते आणि दर आठवड्याला पहिल्या दिवसांचा त्रास नव्याने सोसावा लागतो.

तो त्रास बहुतांशी मिठाचा असतो. कर्बोदके तुटली की इन्सुलिन उतरते, मूत्रपिंडे सोडियम बाहेर टाकू लागतात, त्यामागोमाग पाणी जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोके दुखणे, उठल्यावर गरगरणे, पोटऱ्यांत गोळे येणे सुरू होते. नुसते पाणी पीत राहिल्याने यात भरच पडते. ज्यांना मीठ वर्ज्य नाही, त्यांनी दिवसातून दोनदा मीठ घातलेले पातळ ताक, बिनसाखरेचे लिंबूपाणी किंवा पायाचे सूप घ्यावे. बद्धकोष्ठ झाल्यास रात्री इसबगोल घ्यावे. त्यात जवळजवळ सगळा तंतूच असतो आणि हिशेब बिघडत नाही. कीटोसिस लागला की नाही, हे पाहायला लघवीच्या पट्ट्या पहिल्या दोन आठवड्यांपुरत्या ठीक आहेत. रक्तात मोजले, तर कीटोन दर लिटरमागे ०.५ मिलिमोलच्या वर असले की झाले. पट्टीचा रंग जितका गडद तितकी चरबी जास्त जळते, हा समज चुकीचा आहे.

रिकामे करणे आणि भरणे

आठवड्यातले जड व्यायाम सोमवार ते बुधवार उरकावेत, कारण तेव्हा आदल्या लोडिंगचा साठा स्नायूंत असतो. एक दिवस छाती-पाठ-खांदे, एक दिवस पाय, अशी साधी विभागणी पुरते. गुरुवारी चालावे किंवा विश्रांती घ्यावी. शुक्रवारी संध्याकाळी, शक्य असेल तर सगळ्यात शेवटी, पूर्ण शरीराचा एक लांब व्यायाम करावा. त्यात वजन नेहमीच्या निम्मे असावे, प्रत्येक सेटमध्ये पंधरा ते वीस वेळा उचलावे, दोन सेटमध्ये मिनिटभराहून जास्त थांबू नये आणि मांड्या, पाठ, छाती, खांदे, दंड यांतला एकही स्नायुगट सुटू नये. इथे ताकद दाखवायची नसते, साठा संपवायचा असतो. बर्गस्ट्रॉम यांच्या स्वस्थ पायाची गोष्ट लक्षात ठेवावी : शुक्रवारी ज्या स्नायूला काम दिले नाही, त्याला शनिवारच्या भाताचा उपयोग नाही.

लोडिंग या व्यायामानंतर लगेच सुरू होते. पहिल्या चोवीस तासांत चरबी वजा जाता शरीराचे जे वजन उरते, त्याच्या प्रत्येक किलोमागे सहा ग्रॅम कर्बोदकांपासून सुरुवात करावी. मुरलेले व्यायामपटू आठ किंवा दहा ग्रॅमपर्यंत जातात. आपल्या उदाहरणातल्या सत्तर किलोच्या माणसात चरबी वीस टक्के धरली, तर ५६ किलो उरतात आणि आकडा ३३६ ग्रॅमवर येतो. दोनशे ग्रॅम तांदूळ, म्हणजे शिजवण्यापूर्वी तोललेले, ऐंशी ग्रॅम पोहे, तीनशे ग्रॅम उकडलेले बटाटे आणि दोन केळी, एवढ्यात ते होतात. पुढच्या बारा तासांत याच्या निम्मे खावे आणि थांबावे. नवख्या माणसाने पहिल्या दोन-तीन वेळा चोवीस तासांवरच थांबणे बरे.

या छत्तीस तासांत स्निग्ध पदार्थ खाली आणावेत, दिवसाला ४० ते ५० ग्रॅमपर्यंत. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. पाच दिवस तूप सढळ हाताने घेण्याची सवय झालेली असते आणि आपल्याकडचे रविवारचे जेवण म्हणजे मटणाच्या तर्रीबरोबर भात, मिसळ-पाव, नाहीतर तुपाची धार सोडलेली पुरणपोळी. कर्बोदकांमुळे इन्सुलिन वर गेलेले असताना शरीर चरबी जाळणे थांबवते आणि त्याच वेळी पोटात आलेली तर्री थेट साठ्यात जाते. म्हणून लोडिंगचे पदार्थ कोरडे आणि साधे असावेत : मऊ भात आणि फोडणीशिवायचे वरण, इडली, बिनतेलाच्या तव्यावरचे घावन, आंबोळी, तांदळाची किंवा ज्वारीची भाकरी, उकडलेली रताळी, कमी तेलातले पोहे. प्रथिनांसाठी कोंबडीच्या छातीचे मांस, अंड्यातला पांढरा भाग किंवा सायीशिवायचे दही घ्यावे. हा भात पाहुण्याला वाढलेल्या शिळ्या भातासारखा रूक्ष लागतो, ही तक्रार खरी आहे आणि तिच्यावर लिंबू, लोणच्याचा खार आणि पुदिन्याची चटणी याहून चांगला उपाय माझ्याकडे नाही.

साखर आणि फळे यांचा वाटा लहान ठेवावा. फळांतील फ्रुक्टोज मुख्यतः यकृताचा साठा भरते, आणि यकृतात सगळे मिळून शंभर ग्रॅमच्या आसपासच जागा असते. स्नायूंना भात-बटाट्यातल्या पिष्टापासून येणारे ग्लुकोज हवे असते. आंब्याच्या दिवसांत एक हापूस शनिवारी सकाळी खाण्यास हरकत नाही, आमरसाच्या वाट्या मात्र लोडिंगमध्ये मोडत नाहीत. मद्याचेही तेच, ते घेतल्यावर शरीर आधी त्याचीच विल्हेवाट लावत बसते.

घड्याळाआधी थांबण्याची खूण म्हणजे पोट तट्ट फुगणे, चेहऱ्यावर सूज दिसणे आणि शुक्रवारी आखीव दिसणारे स्नायू पुसट होणे. ही खूण शनिवारी रात्रीच दिसली, तर भरणे तिथेच पूर्ण झाले असे समजावे. रविवारच्या संध्याकाळचे जेवण पुन्हा भाजी, पनीर किंवा मासे आणि तूप असे घ्यावे आणि सोमवारी सकाळी उपाशीपोटी अर्धा-पाऊण तास भरभर चालावे, म्हणजे यकृताचा साठा लवकर उतरतो.

सण शनिवार पाहून येत नाहीत. गणपती बुधवारी बसले, तर उकडीचे मोदक बुधवारीच खायचे असतात. अशा आठवड्यात लोडिंगच सणाच्या दिवशी न्यावे, रिकामे करणारा व्यायाम आदल्या संध्याकाळी घ्यावा आणि शनिवार कोरा सोडावा. सण आणि शनिवार दोन्ही घेऊ नयेत. एकादशी-चतुर्थीचा उपवास करणाऱ्यांनी साबुदाण्याच्या खिचडीऐवजी दही, शेंगदाणे, खोबरे, पनीर यांवर दिवस काढावा. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात, म्हणजे ती खिचडी उपवासाचे लोडिंगच ठरते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीशी हा आहार जोडू पाहणारेही भेटतात. ती पद्धत खाण्याच्या वेळा मोजते आणि ही कर्बोदके मोजते. साडेतीनशे ग्रॅम कर्बोदके दोनच जेवणांत बसवणे पोटाला झेपत नाही.

काटा कसा वाचावा

एक ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. शनिवार-रविवारी तीन-चारशे ग्रॅम साठले, तर सोमवारी काटा सव्वा ते दीड किलो वर जातो आणि शुक्रवारपर्यंत तेवढाच खाली येतो. पहिल्या आठवड्यातली घसघशीत घटही बव्हंशी असेच गेलेले पाणी असते. म्हणून वजन शुक्रवारी सकाळी करावे आणि ते फक्त मागच्या शुक्रवारशी ताडून पाहावे. बेंबीपाशी कमरेचे मापही त्याच दिवशी घ्यावे. चार शुक्रवारांत दोन्ही आकडे हलले नाहीत, तर आधी लोडिंग छत्तीसवरून चोवीस तासांवर आणावे. आठवड्यातले तूप त्यानंतर कमी करावे.

अपेक्षाही बेताची ठेवावी. चेक संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पंचवीस निरोगी तरुणांपैकी काहींना आठ आठवडे चक्रीय कीटो आणि इतरांना तेवढाच कमी ऊर्जेचा समतोल आहार दिला होता. चरबी दोन्ही गटांत उतरली. ताकद आणि दमसास मात्र समतोल आहाराच्या गटातच वाढला आणि चक्रीय कीटोच्या गटात चरबीखेरीजचे वजनही घटले. दक्षिण आफ्रिकेत २००६ मध्ये सायकलपटूंना सहा दिवस स्निग्ध आहार आणि एक दिवस कर्बोदके देऊन शंभर किलोमीटर सायकल चालवायला लावली, तेव्हा एकूण वेळेत लक्षणीय फरक आढळला नाही, पण मधल्या एक-एक किलोमीटरच्या वेगवान टप्प्यांत त्यांची शक्ती कमी पडली. तेव्हा मॅरेथॉन किंवा सायकल शर्यतीची तयारी करणाऱ्याने, तसेच कबड्डीसारखा क्षणात झेप मागणारा खेळ खेळणाऱ्याने, हंगामात या आहाराच्या वाटेला जाऊ नये. ज्याला वजने उचलायची आहेत, चरबी उतरवायची आहे, पण कायमचा भात सोडणे जमत नाही, त्याच्यासाठी ही पद्धत आहे.

एका वेळी आठ ते बारा आठवडे पुरे. बाहेर पडताना एकदम जुन्या ताटावर येऊ नये. शेवटच्या लोडिंगनंतर रोजची कर्बोदके पहिल्या आठवड्यात ८० ग्रॅमवर, दुसऱ्या आठवड्यात १३० वर न्यावीत आणि त्याच प्रमाणात तूप-तेल कमी करत जावे. पहिली भाकरी व्यायामानंतरच्या जेवणात परत आणावी, त्यानंतर दुपारची डाळ, आणि चहातली साखर आणलीच तर सगळ्यात शेवटी.